धवलारणीचा पदर

माझी आई दिवसभर बोलते. कुणाशी नाही, कुणासाठी नाही, नुसती बोलते. सकाळी चहाचा कप तोंडाला लागला की सुरू, ते संध्याकाळी डोळा लागेपर्यंत. माझी भावजय रंजिता म्हणते, "ताई, रेडिओला निदान बटण तरी असतं." मला राग येतो, पण तिचा तरी काय दोष? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी दुपारी चार तास बसते आणि घरी जाते, ती तिथेच राहते.

आईचं नाव जनी. वय एकोणऐंशी, तेसुद्धा रेशनकार्डावरचं. माहेर करंजाडे, सासर सुकापूर. आम्ही आगरी. माझा बाप, काशिराम, मिठागरावर जायचा, आई भाताचं बघायची आणि लग्नसराई आली की धवले, म्हणजे लग्न लावायची गाणी, गायला जायची. आमच्यात लग्नाचे विधी बाई लावते. तिला धवलारीण म्हणतात. पोथी नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. आई धवला लावायची म्हणजे एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायची. आधी गावदेवी, मग वेशीवरचे देव, मग दर्या, मग त्या घरातली गेलेली माणसं. सगळे मांडवात येऊन बसले की गाणं पुरं. त्याआधी थांबायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. "आर्ध्या वाटंवर सोडलेला देव कुनाच्या घरात शिरंल, काय सांगावं?" असं ती म्हणायची. धवला चालू असताना आईशी बोलायचं नाही, हे आमच्या घरात कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

बाई मोठी ठसक्याची. एकदा हळदीला डीजेवाला गाणी बंद करेना, तेव्हा त्याला म्हणाली, "वाजव बाबा, वाजव. देव भुलून तुझ्याच टेम्पोत बसलं तं घरी घेऊन जा त्यांना, जेवायला घाल." पोरगा घाबरून वायर काढून बसला. आजूबाजूच्या पंचवीस-तीस गावांत तिने लग्नं लावली. ती ज्यांच्या मांडवात गायली त्यांची नातवंडं आता बिल्डर झालीत, आणि अजूनही कुठे भेटली तर वाकून पाया पडतात.

आता ती सुकापूरला माझ्या धाकट्या भावाकडे, धनेशकडे, तिसऱ्या मजल्यावर असते. दोन वर्षांपूर्वी डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आठवणी गेलेल्या नाहीत, त्यांची ओळ गेली. कालचं आणि पन्नास वर्षांपूर्वीचं तिला एकाच खोलीत दिसतं. धवले मात्र अधूनमधून येतात, तेही तुकड्यातुकड्यांनी.

आणि मी कोण? मी किशोरी, वय छप्पन्न, पनवेलच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. सव्वीस वर्षं एम.ए.च्या पोरांना आधुनिक कादंबरी शिकवताना मी दरवर्षी एक शब्द फळ्यावर लिहिते: संज्ञाप्रवाह. मग घसा फोडून सांगते, बाबांनो, माणसाच्या डोक्यात विचार शिस्तीत येत नाहीत. भेंडी चिरता चिरता मेलेला माणूस आठवतो, त्याच्यावरून त्याची छत्री, छत्रीवरून गळकं छप्पर, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. हे जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, मध्ये लेखकाने येऊन "त्याला आठवले की" म्हणायचं नाही. पोरं माझ्याकडे बघत बसतात. कुणीतरी हमखास विचारतं, "पण मॅडम, यात गोष्ट कुठेय?" मी सांगते, "आहे, पण ती तुम्ही शोधायची. प्रवाहात खोटं नसतं, फक्त क्रम नसतो." हे वाक्य मला फार आवडायचं. दरवर्षी ते म्हणताना मी खडू खाली ठेवायची.

धनेशला हे एकदा समजावून सांगितलं. तो हसला. "म्हंजे आये बोलते ती बडबड, आनि तेच पुस्तकात छापलं का साहित्य?"

चिडले मी. पण घरी येताना रिक्षात डोकं फिरलं. मेल्याने अगदी बरोबर सांगितलं होतं. सव्वीस वर्षं मी जे पुस्तकातून शिकवत होते ते माझ्या डोळ्यांसमोर, खाटेवर, पाय हलवत बसलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या उशीशी फोन ठेवून तिचं बोलणं टिपायला लागले. घरी नेऊन ऐकायचं आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचा. महिनाभरात तीस पानं झाली. एक तुकडा देते:

"…तांदूल निवडलंस का गं, खडं हायत, काशिराम बोलतंय मीठ वल्लं झालं, अन ही विमानं किती, घुं घुं, देवाला बोलवलं तं त्याला ऐकू कसं जाईल, कासार आलेला करंजाड्याला, हिरव्या बांगड्या, वेणूच्या मापाची नाय बोलला, लय रडली, मी बोलली फुडल्या वरसाला तुजा हात मोठा व्हईल, तंवर रडू नको, नारल कुठं ठेवलास, गावदेवीला बोलव, दर्याला बोलव, कोन पदर वढते, बांगडी टोचली, नको गं वेणू, धवला हाय, सर मागं, सर, कढीत मीठ जास्त झालं आज…"

वेणू माझी पाठची बहीण. ती गेली तेव्हा चार वर्षांची होती, मी आठ. धनेश नंतरचा, त्याने तिला पाहिलेलंच नाही. घरात तिचा फोटो नाही, कारण कुणी काढलाच नव्हता.

झालं ते असं. करंजाड्याला आईच्या चुलत भावाचं लग्न होतं. आई मांडवात धवला लावून बसली होती, आणि वेणूकडे बघायचं काम माझ्याकडे होतं. मांडवामागे शेतं, शेतांपलीकडे खाडीचा बांध. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. तिथे खोल डोह होतो. आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी होती. वेणू बांगडीवरून रुसली होती. ती बांधाकडे चालत गेली आणि मी ते पाहिलं. मी मांडवात धावले, मागून आईचा पदर ओढला. दोनदा ओढला. आईने मागे न बघता डाव्या हाताने माझा हात ढकलून दिला आणि ती गात राहिली. धवला पुरा झाला, देव येऊन बसले, आणि मग बांधाकडून माणसांची ओरड ऐकू आली.

अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या मनात हे असं होतं: मी आईला सांगितलं. "आये, वेणू उघाडीवर गेली." तिने ऐकलं, आणि तरी ती उठली नाही. तिने देव पुरे बोलावले आणि पोर घालवली.

याचा मी तिच्यावर सूड घेतला. शब्दाने नाही, मी शिकलेली ना! माझ्या लग्नात मी धवला लावू दिला नाही. भटजी बोलावला. पंचवीस गावांची धवलारीण स्वतःच्या पोरीच्या लग्नात पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसली, अक्षता टाकल्या आणि जेवून गेली. मला वाटलं, बरं झालं. आणखी एक गोष्ट मला टोचायची. वेणू गेल्यावर पुढच्याच लग्नसराईत ती पुन्हा गायला बसली, आणि तेव्हापासून गाताना पदराचं टोक मांडीखाली दाबून घ्यायला लागली. कुणाला ओढता येऊ नये म्हणून. बघा, म्हणजे काय काळजाची बाई! पोर गेली तरी हिला गाण्यात अडथळा नको.

आणि आता ती बडबडीत काय म्हणत होती? पदर वेणूने ओढला. मी त्यात नव्हतेच! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी संतापाने फोन बंद केला. म्हटलं, म्हातारीच्या डोक्याने सोयीचं करून घेतलं. मोठीने सांगितलं होतं हे पुसून टाकलं, आणि न कळणारं लहान पोर तिथे आणून उभं केलं.

तरी मी ती तीस पानं वर्गात वाटली. मोह, दुसरं काय. धवलारीण माझी आई आहे हे सांगितलं नाही, "परिसरातील एक वृद्ध स्त्री" असं लिहिलं. जिथे जिथे माझं नाव होतं तिथे टिंबं दिली. म्हटलं, पोरांनो, वाचून या आणि प्रवाह कसा वळतो ते सांगा.

वर्गात समीक्षा नावाची मुलगी आहे. करंजा बंदराजवळची, कोळ्यांची. पहाटे उठून, आईला मासळीच्या टोपल्या भरून देऊन, दोन बस बदलून पनवेलला येते, आणि तरी वाचून येणारी तीच एक. तिने हात वर केला.

"मॅडम, पान चारवर या आजी म्हणतात, वेणूच्या मापाची बांगडी कासाराकडे नव्हती, म्हणून ती रडली."

"बरं."

"म्हणजे वेणूच्या हातात बांगडी नव्हती. मग पदर ओढताना टोचली ती बांगडी कुणाची?"

मी खडू उचलला. काहीतरी फळ्यावर लिहायला गेले, काय ते आता आठवत नाही. म्हटलं, "समीक्षा, हा प्रवाह आहे. इथे असा तर्क लावायचा नसतो."

"पण तुम्हीच सांगितलंत ना, प्रवाहात खोटं नसतं, फक्त क्रम नसतो?" तिच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता, हेच वाईट. "मला वाटतं, तिथे दुसरी मुलगी होती. टिंबं दिलीत ती. पदर तिने ओढला, आणि आजींना आयुष्यभर वाटत राहिलं की वेणूच आपल्याकडे आली होती, आणि आपणच तिला ढकललं."

मी म्हटलं, "असेल."

"आणि एक मॅडम. आजींना त्या दिवसातलं सगळं ऐकू येतं. ताशा, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, सगळं पुन्हा पुन्हा येतं. पण पदर ओढणारीचा आवाज तीस पानांत एकदाही नाही. ती काही बोललीच नसेल का?"

मी तास अर्ध्यावर सोडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि माझ्या डोळ्यांसमोर माझं तोंड आलं, आठ वर्षांचं. उघडलेलं, आणि त्यातून आवाज येत नव्हता. धवला मोडायचा नाही. मी पदर ओढला. कासाराने भरलेल्या माझ्या हिरव्या बांगड्या वाजल्या. आईने हात ढकलला. मला वाटलं, गाणं संपेल मग सांगू. मी मांडवाच्या कडेला जाऊन बसले. कुणीतरी बाईने माझ्या हातात बुंदीचा द्रोण दिला. आणि मी बुंदी खाल्ली. बोटं चाटून खाल्ली. आईच्या गाण्यात देव एकेक करून येत होते, आणि मी बसून बुंदी खात होते.

मी सांगितलंच नव्हतं. ते वाक्य मी नंतर केलं. कधी, ते माहीत नाही. दहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, रात्री पांघरुणात घोकून घोकून केलं असेल. तसं वाक्य खरंच बोलले असते तर अठ्ठेचाळीस वर्षांत कुणाला तरी सांगितलं असतं ना? नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. मला माझी शिसारी आली. आणि तिच्या पदराची आठवण झाली, मांडीखाली दाबलेल्या. तिच्या लेखी तो वेणूने शेवटचा धरलेला पदर. तो पुन्हा दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू नये म्हणून ती जन्मभर त्याच्यावर बसली होती. आणि वेणूने तर तो धरलाच नव्हता.

आता आईचं डोकं रोज थोडं थोडं चाललंय. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, पावसाळ्यानंतर माणसं ओळखेल याची खात्री नाही. ती तसंच मनात घेऊन गेली असती, की पोर माझ्याकडे आली आणि मी ढकलली. मी रिक्षा केली आणि सरळ सुकापूरला गेले.

दुपारचे दोन वाजले असतील. रंजिता मला दार उघडून बाजारात गेली. आई खाटेवर बसून बोलत होती. तांदूळ, मीठ, कासार, विमानं. मी तिच्या पायाशी फरशीवर बसले. ती "नको गं वेणू" म्हणाली तेव्हा मी तिचा गुडघा धरला.

"आये, तो पदर वेणूनं नाय वढला. मी वढला. किशोरीनं. वेणू तुज्याकडं आलीच नव्हती."

ती बोलायची थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत शांतता झाली. मला भीतीच वाटली.

"वेणू नाय आली?"

"नाय."

"मंग मी तिला ढकलली नाय?"

"नाय गं आये. मना ढकललीस, किशोरीला."

तिने माझा हात ओढून घेतला. मनगट चाचपलं, बोट फिरवत राहिली. तिथे घड्याळ होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चेहरा रडका नव्हता. ओझं खाली ठेवल्यावर बाई कमरेवर हात ठेवून उभी राहते, तसा काहीसा होता. मला वाटलं, झालं, सुटली. मी सुटले असं नाही वाटलं, पण ती सुटली.

मग ती म्हणाली, "मंग तू बोललीस का नाय गं?"

"धवला चालू व्हता."

"तं?"

"मोडला असता, आये."

"मोडला असता तं मोडला असता." ती माझ्याकडे नीट बघत होती, अगदी पूर्वीसारखी, ठसक्यात. "गानं काय गं, पयल्यापासून परत लावला असता. देव रायले असते उभे वाटंवर. पोरीपरीस देव मोठे का?"

एवढं सोपं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं मी ज्या बाईला दगडाची समजत होते ती एका हाकेवर उठली असती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ओरडून रडले. शेजारच्या बाईने दार वाजवलं, मी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर आई सांगत होती, "नको गं वेणू, धवला हाय, सर मागं."

पालथ्या घड्यावर पाणी. मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा मनगट चाचपलं, पुन्हा विचारलं, "मंग तू बोललीस का नाय?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिला रोज नव्याने कळतं आणि ती रोज नव्याने विचारते. धनेश म्हणाला, "ताई, कशाला रडवतेस तिला? विषय बदल ना." त्याला काय सांगू? मी गप्प बसले तर ती दिवसभर वेणूला ढकलत राहते. एकदा गप्प बसून झालंय माझं.

गेल्या आठवड्यात एका दुपारी ती धवला गात होती. तुकडा नाही, सलग; आवाज खरखरीत, पण सूर धरलेला. खाटेवर ताठ बसलेली, भिंतीकडे तोंड, पदराचं टोक मांडीखाली. गावदेवी आली, वेशीवरचे देव आले, दर्याला बोलावणं सुरू झालं. मी तिच्या मागे उभी राहिले. मी हळूच तो पदर मांडीखालून सोडवला आणि ओढला.

तिचा डावा हात मागे आला आणि त्याने माझा हात ढकलला.

मी पुन्हा ओढला आणि बोलले. मोठ्याने बोलले.

"आये, वेणू उघाडीवर गेली."

गाणं थांबलं. दर्याचं नाव अर्धं तोंडात राहिलं. कुणी धरल्याशिवाय जी संडासापर्यंत जात नाही ती माझी आई खाटेवरून खाली उतरली, पदर कमरेला खोचला, आणि अनवाणी दाराकडे निघाली. मी तिच्या मागे धावले.

आता रोज असंच होतं. ती गाते, मी ओढते, मी बोलते, ती उठते. दारापर्यंत पोचेतो तिला आठवत असतं. कडीला हात लावला की ती थांबते आणि कडीकडे बघत राहते.

"कुठं निघालेलो गं आपन?"

"वेणूला आनायला."

"मंग कडी काड की," ती म्हणते. "उभी काय रायलीस?"

मी कडी काढते.